दुधातला युरिया आणि रक्तातला युरिया

मे महिन्याच्या अखेरीस एक सूनबाई आपल्या 78 वर्षांच्या सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आल्या. पर्समधून दोन गोष्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या: रक्ततपासणीचा अहवाल, ज्यात युरिया 58 होता, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला निळा पडलेला लिटमस कागद. "डॉक्टर, दुधात युरिया निघाला आणि आईंच्या रक्तातही. पंधरा दिवस झाले, त्यांचं दूध बंद केलंय." आजी कोऱ्या चहाला पुरत्या वैतागल्या होत्या.

चाचणी नातवाने केली होती. दुधात सोयाबीनचे पीठ ढवळायचे, पाच मिनिटांनी लाल लिटमस बुडवायचा आणि अर्ध्या मिनिटाने पाहायचा. पद्धत खरी आहे; भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेतही ती आहे. सोयाबीनमधील युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते, त्यातून अमोनिया सुटतो आणि लिटमस निळा होतो. नातू मात्र मध्येच क्रिकेटचा सामना पाहायला बसला आणि कागद त्याने अर्ध्या तासाने पाहिला. घोटाळा झाला तो इथेच.

कारण निर्भेळ दुधातही युरिया असतोच. जनावराच्या रक्तातून तो दुधात उतरतो, आणि 100 मिलिलिटरमध्ये 70 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण ग्राह्य धरले जाते. पुरेसा वेळ दिला तर चांगले दूधही कागद निळा करू शकते. म्हणून प्रश्न 'आहे का' असा नसून 'किती आहे' असा विचारावा लागतो. प्रयोगशाळेत डीएमएबी नावाचे रसायन घालतात. साध्या दुधाला फिकट पिवळा रंग येतो, भेसळीच्या दुधाला गडद. रंगाची तीव्रता यंत्राने मोजून प्रमाण काढता येते.

युरिया घालण्यामागे हिशेब असतो. पाणी घातले की फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात, आणि संकलन केंद्रावरचा भाव याच दोन आकड्यांवर ठरतो. युरियाने एसएनएफ फुगतो. प्रथिने नायट्रोजनवरून मोजली, तर तीही वाढलेली दिसतात. एकट्या लॅक्टोमीटरलाही सहज चकवता येते: साय काढल्याने घनता वाढते, पाण्याने ती कमी होते, दोन्ही केले की आकडा पुन्हा जागेवर!

आता आजींचे रक्त. प्रथिनांच्या विघटनातून आपले शरीर दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम युरिया स्वतःच तयार करते. ग्राह्य मर्यादेपर्यंत युरिया असलेल्या 200 मिलिलिटर दुधातून जातो 140 मिलिग्रॅम. भेसळीने तो तिप्पट झाला, तरी अर्धा ग्रॅमही होत नाही. तेव्हा 58 चा दोष दुधाला देता येत नव्हता. विचारपूस केल्यावर कळले की रात्री उठावे लागू नये म्हणून आजी भर उन्हाळ्यात पाणी टाळत होत्या, आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दिवसातून दोनदा घेत होत्या. या वयात मूत्रपिंडांना एवढे पुरते. उलट दोन कप दूध बंद केल्याने रोजची सुमारे 12 ग्रॅम प्रथिने आणि साडेचारशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मात्र गेले.

भेसळ होत नाही, असे मी म्हणत नाही. प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6432 नमुन्यांपैकी 12 नमुन्यांत घातक भेसळ आढळली. त्याच पाहणीत 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेबाहेर होते. बुरशी लागलेल्या पेंडीतून व चाऱ्यातून येणारे हे विष उकळूनही जात नाही, आणि ते ओळखणारी कोणतीही चाचणी स्वयंपाकघरात होत नाही. शंका बळावली, तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. फॉर्मॅलिनसाठी तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरणारी चाचणी घरी कृपया कोणीही करू नये.

नातवाने घड्याळ लावून चाचणी पुन्हा केली. कागद लालच राहिला. ती गोळी थांबवली, पाण्याच्या वेळा सकाळ-दुपारकडे सरकवल्या आणि दूध सुरू केले. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी दूध व पाणी किती घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.) तीन आठवड्यांनी युरिया 36 आला. गुडघे मात्र अजून दुखतात; त्यांच्याविषयी पुढील अंकात.