तारणारा हवा की सोबती?

तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या निमगाव केतकीला मुक्कामाला असते. त्या दिवशी पानमळ्यांच्या या गावात पाय ठेवायला जागा नसते. विठ्ठल आणि भक्त यांच्यात कोणी मध्यस्थ नको, हे वारकऱ्याचे म्हणणे आमच्या वाडवडिलांनीही ऐकले होते. पण गावात परतल्यावर त्यांची जागा वेशीबाहेरच राहिली, हेही ते विसरले नाहीत.

हे आज आठवायचे कारण वेगळे आहे. आमच्या भागातील काही बौद्ध घरांतून बायाबापड्या रविवारी प्रार्थना सभेला जाऊ लागल्या आहेत. तेथे सांगितले जाते की, येशूशी तुमचे स्वतःचे नाते जोडा, त्याला तारणारा म्हणून स्वीकारा, पापातून सुटका होईल. हे कळताच आमचे काही कार्यकर्ते खवळले. वस्तीची बैठक लावा, असल्या घरांवर बहिष्कार टाका, इथपर्यंत मजल गेली. ज्यांच्या बापजाद्यांनी बहिष्कार भोगला त्यांच्याच तोंडी ही भाषा! आम्ही बैठकीला विरोध केला आणि त्यातील एका भगिनीच्या घरी गेलो. नवरा दारूत बुडालेला, पोरगी लग्नाला आलेली. ती म्हणाली, "दादा, तुमी वर्षातनं दोनदा येता, भाषण करून जाता. माझं रडणं कुणी ऐकलं? तिथं माझं नाव घेऊन प्रार्थना करत्यात."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या वेळी ही प्रार्थना सभा भरते, त्या वेळी जवळच्या विहाराला कुलूप असते. किल्ली कोणाकडे, असे विचारले तर तिघांनी तीन नावे सांगितली.

तरीही विचाराचा मुकाबला विचारानेच व्हायला हवा. देवाशी व्यक्तिगत नाते ही काय चीज आहे, हे समजायला फार लांब जायला नको. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. ब्राह्मणाच्या घरात जन्मून संस्कृत शास्त्रे पचवलेल्या या विदुषीने 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुण्याच्या सनातन्यांनी आकांडतांडव केले, तेव्हा 1885 मध्ये महात्मा फुले यांनी 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली. पण पुढचा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही. रमाबाईंनी नंतर स्वतःच कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. तो त्यांना 1891 च्या सुमारास भेटला, असे त्यांचे म्हणणे. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे पत्रातून खटके उडत होते. भटाचे जोखड फेकून दिल्यावर बिशपचे का घ्यावे, असा त्यांचा बाणा होता. म्हणजे देवाशी थेट नाते ही त्यांच्यापुरती मध्यस्थांविरुद्धची बंडखोरीच होती. ज्याच्या समाजाला 1930 मध्ये काळाराम मंदिराच्या दारात उभे राहून मार खावा लागला, त्याला पुजाऱ्याशिवायच्या देवाची ओढ का वाटते, हे आम्हाला समजते.

रमाबाईंचे मोठेपण आम्ही नाकारणार नाही. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलीबायांना त्यांनी केडगावात आणले, शिकवले, छापखान्यात कामाला लावले. 1905 मध्ये तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मुली रात्रंदिवस रडत, पापे कबूल करत प्रार्थना करू लागल्या. येथे आमचा प्रश्न सुरू होतो. दुष्काळात आईबाप मेलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या पोरीने कोणते पाप केले होते? पाप केले होते ते तिला पांढऱ्या कपाळाने जगायला लावणाऱ्या समाजाने. रडायचे असेल तर त्याने रडावे.

बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले आहे. 1935 च्या येवल्याच्या घोषणेनंतर सगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे धावले. ख्रिस्ती धर्माचा त्यांनी खोल अभ्यास केला होता आणि मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे मोलही मानले होते. पण अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याला सांगतात, तुझी ही गत मागच्या जन्मीच्या कर्माने झाली. तो ख्रिस्ती झाला की सांगतात, आद्य पूर्वजाच्या पापाने झाली. दोन्हीकडे आरोपी तोच! वकिली करताना आम्ही पुष्कळ उलटेसुलटे खटले पाहिले, पण फिर्यादीलाच दोनदा आरोपी करणारा असा खटला दुसरा नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब सांगतात की तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवलास तरच सुटशील, अशी अट त्यांनी घातली नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे आली की धम्माशिवाय भागत नाही. देवाशी जोडलेले नाते कितीही जवळचे असो, त्यात शेजारी येतोच असे नाही. तामिळनाडूत एकाच ख्रिस्ताची लेकरे जातवार वेगळ्या दफनभूमीत पुरली गेली, ती यामुळेच.

आता कायद्याचे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज कोणाला अनुसूचित जातीत ठेवले नाही. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही त्याच्या हातून जाते. म्हणून पुष्कळजण मनाने एक आणि कागदावर दुसरे राहतात. 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळताना, ख्रिस्ती आचरण ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी केलेली फसवणूक ठरवली. सभेला जाणाऱ्या आमच्या भगिनींना हे कोणी सांगितलेले नाही. ते आम्ही सांगू, पण धमकी म्हणून नाही. तो तिसरा परिच्छेद आम्हाला अन्यायाचाच वाटतो. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने तो काढण्याची शिफारस केली होती. केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे वाट पाहिलेल्या बौद्धांनी दुसऱ्याच्या उपाशीपणावर हसू नये.

त्या भगिनीचे काय झाले, असे वाचक विचारतील. घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिचा अर्ज आम्ही इंदापूरच्या कोर्टात दाखल केला आहे. फी घेतलेली नाही. नवऱ्याची दारू सोडवण्यासाठी वस्तीतली दोन पोरे त्याच्या मागे लागली आहेत. मागच्या तारखेला ती आली तेव्हा पिशवीत कागदपत्रांबरोबर छोटे बायबल होते. ते तिने लपवले नाही, आम्हीही काही विचारले नाही. विहाराची किल्ली मात्र आता तिच्या शेजारणीकडे ठेवली आहे, आणि रविवारी सकाळी कुलूप निघते.