डबीच्या मागची बारीक अक्षरे



सूनबाईने परवा नवी डबी आणली. "आई, प्रदूषणापासून त्वचा वाचवते, तुम्हीही लावा." मी हसले नाही. हळदीच्या हंगामात आपल्या वसमत-हिंगोलीकडे काय उडते ते आपल्याला माहीत आहे. ढोलात हळद पॉलिश होते तेव्हाची ती धूळ घामावर बसते, त्यात ट्रकचा धूर. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन स्कूटीवरून परतले की तोंड पुसलेला पदर काळा होतो.

आणि धुराने चेहरा खराब होतो हे काही नुसते जाहिरातीतले नाही. जर्मनीत 400 वयस्कर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो 2010 मध्ये छापून आला. वाहनांच्या काजळीत राहिलेल्यांच्या कपाळावर, गालांवर काळे डाग जास्त आढळले.

पण आजार खरा म्हणून औषधही खरे, असे होत नाही. उन्हाच्या क्रीमवर एसपीएफचा आकडा असतो, तो मोजून दिलेला असतो. धुळीपासून किती वाचवते याचा तसा सर्वमान्य आकडाच नाही. डबीवर नुसते शब्द. मी बी.कॉम., हिशेब केल्याशिवाय राहवत नाही: 50 ग्रॅमला 599 रुपये, म्हणजे किलोला जवळपास 12,000! बाहेर जाताना तोंडाला स्कार्फ, घरी आल्यावर गाळलेल्या पाण्याने आणि सौम्य साबणाने चेहरा धुणे, त्वचा कोरडी असेल तर थोडे साधे मलम. धूळ निघते ती धुण्याने. उन्हात जाणाऱ्या मुलींनी सनस्क्रीन जरूर लावावे, त्याला माझी ना नाही.

(घरगुती उपायवाल्या मैत्रिणी बेसन-दही सांगतील. खाताना द्विदल टाळायचे आणि तोंडाला तेच फासायचे, मला नाही पटत. बेसन पाण्यात कालवा.)

खरा प्रश्न मला डबीच्या मागे दिसला. भिंग घेऊन वाचले. "सेरा अल्बा" म्हणजे मधमाशीचे मेण. "लॅनोलिन" मेंढीच्या लोकरीतली चरबी. "सीआय 75470" किंवा कार्माइन हा लाल रंग किडे मारून, वाळवून काढतात. "स्क्वालेन" ऑलिव्हचे असू शकते, शार्क माशाच्या यकृताचेही. ग्लिसरीन आणि स्टिअरिक अ‍ॅसिड वनस्पतीचे की चरबीचे, हे नावावरून कळतच नाही. भारतात प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी 2014 पासून बंद आहे, चांगले झाले. पण चाचणी नाही म्हणजे आत प्राण्याचे काही नाही, असा अर्थ होत नाही. मुलींची इथेच गल्लत होते.

मद्य, मांस, मधु हे तीन मकार आपण लहानपणी पाठ केले. मी मध कधी चाखला नाही. आणि गेल्या दशलक्षणात उपवासाने ओठ फुटले म्हणून दहा दिवस जी ओठांची कांडी लावली, तिच्यावर तिसरेच नाव सेरा अल्बा निघाले. ओठांवरचे पोटात जातेच ना! त्या रात्री प्रतिक्रमणात मला ते आठवत राहिले. दोष कोणाला द्यायचा? अक्षरे छापलेली होती, मीच वाचली नव्हती.

सुनेच्या डबीत मेण नाही, कार्माइन नाही. स्टिअरिक अ‍ॅसिड आहे. ते कशाचे, असे विचारणारा ई-मेल तिनेच कंपनीला पाठवला आहे. उत्तर येईपर्यंत डबी कपाटात बंद. आले की इथे कळवते.