आवाज बसलाय? छातीला विचारा!

घसा बसला की ऑफिसभर सल्ल्यांचा पाऊस पडतो. ज्येष्ठमध चघळ, हळद-दूध घे, तो एसी बंद कर आधी! मॅच बघताना बेंबीच्या देठापासून ओरडलेल्यांना एवढं पुरतंही. चार दिवसांत गाडी रुळावर, क्लायंटचे कॉल सुरू.

पण सर्दी नाही, ओरडाआरडा नाही आणि तरी महिनाभर आवाज फाटकाच? मग ज्येष्ठमध बाजूला ठेवा. गडबड घशात नसून छातीत असू शकते.

म्हणजे काय? तर स्वरतंतू हलवणाऱ्या दोन नसा मेंदूकडून येतात, पण थेट घशात थांबत नाहीत. उजवी नस खांद्याकडे जाणाऱ्या धमनीखालून यू-टर्न घेते. डावी मात्र पार छातीत उतरते, हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि मग वर येते. जिराफात हाच वळसा काही मीटरांचा असतो, बिचारा! या वाटेवर महाधमनी फुगली किंवा फुप्फुसाकडे जाणारी धमनी ताणली गेली, की नस चेंगरते. डावा स्वरतंतू ठप्प. आवाज घोगरा, हवा निसटल्यासारखा. कधी पाणी पितानाही ठसका.

व्हिएन्नाच्या डॉ. नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये हे मांडलं. त्यांच्या पेशंटांची मायट्रल झडप आकसलेली होती. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापातून होणारा हा झडपेचा आजार आपल्याकडे अजूनही दिसतो. उतारवयात बीपी आणि सिगारेटची जोडी महाधमनी फुगवू शकते.

घाबरू नका, हे दुर्मीळ आहे. पण फुप्फुसातली गाठही हीच नस दाबू शकते, म्हणून चालढकल नको. ईएनटी डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून दोन-चार मिनिटांत स्वरतंतू बघतात. डावा हलत नसेल, तर छातीचा सीटी स्कॅन आणि गरजेप्रमाणे इको. मूळ आजारावर वेळेत उपचार झाले तर आवाज परतू शकतो. नाहीच परतला, तर लुळ्या स्वरतंतूला इंजेक्शनने किंवा छोट्या ऑपरेशनने मध्यभागी आणता येतं.

छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर मात्र अपॉइंटमेंट-बिपॉइंटमेंट काही नाही, सरळ १०८.

आणि रविवारच्या फोनवर बाबांचा आवाज चौथ्या आठवड्यातही बसलेला वाटला, तर ‘गरम पाणी प्या’ म्हणून फोन ठेवू नका. बीपी किती आहे ते विचारा आणि ईएनटीची वेळ तुम्हीच घेऊन टाका.