अँटवर्पमधील पहिला शनिवार-रविवार

हिऱ्यांच्या पेढीवर नव्याने रुजू झालेल्या तरुणास शनिवारचे अँटवर्प निराळेच भासते. ज्यू व्यापाऱ्यांचा तो शब्बाथ; हिरेबाजार निःशब्द. १९०५ च्या भव्य रेल्वेस्थानकापासून पायी निघावे आणि लाकडी सरकत्या जिन्यांनी स्खेल्ड नदीखालील ५७२ मीटरच्या बोगद्यात उतरावे. १९३३ पासूनचा हा मार्ग विनामूल्य आहे, हे व्यापाऱ्याच्या मुलास सांगणे नलगे!

खरी कसोटी आहाराची. तेथील प्रसिद्ध बटाट्याचे काप परंपरेने गुरांच्या चरबीत तळतात. वॅफलमध्ये अंडे असते. डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, म्हणून चोविहार पाळणाऱ्याने डबा सोबतच न्यावा. जूनमध्ये मात्र दहापर्यंत उजेड. तेव्हा भोजनाची वेळ घरूनच ठरवून निघावे.

रविवारी विल्राइक उपनगरातील संगमरवरी जिनालयात दर्शनास जावे. विचारपूस बहुधा गुजरातीत होईल, इतकेच.