दुधीचा कडूपणा आणि जिभेची साक्ष



गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ७२ वर्षांच्या आजोबांना त्यांची सून दवाखान्यात घेऊन आली. सततच्या उलट्या, पोटात मुरडा, खालावलेला रक्तदाब. तासाभरापूर्वी त्यांनी पेलाभर दुधीचा रस घेतला होता. "कडू लागला नाही का?" असे विचारता ते म्हणाले, "थोडा लागला. पण औषध कडूच असायचे!" त्यांना तत्काळ रुग्णालयात हलवले. सुदैवाने चार दिवसांनी ते सुखरूप घरी परतले.

दुधी, दोडका, काकडी या एकाच कुळातील वेली. कीटकांपासून व प्राण्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्या 'कुकुरबिटासिन' नावाची कडू संयुगे निर्माण करतात. लागवडीच्या वाणांत त्यांचे प्रमाण नगण्य असते. परंतु एखाद्या फळात ते वाढते आणि बाहेरून ते फळ इतरांसारखेच दिसते.

प्रयोगशाळेत गराचा अर्क काढून त्यातील घटक आधी परस्परांपासून वेगळे करतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्यांच्या रेणूंना विद्युतभारित करून त्यांचे वस्तुमान ठरवते. कुकुरबिटासिन-बीचा रेणुभार सुमारे ५५८, तर ईचा सुमारे ५५६. अवघ्या दोन हायड्रोजन अणूंचा हा फरकही यंत्र अचूक टिपते.

आपल्या स्वयंपाकघरात हे यंत्र नाही; तेथे जीभच साक्षीदार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही हेच सांगितले आहे : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, हा रस अन्य रसांत मिसळू नये. लिंबू, आले, मीठ यांनी कडूपणा झाकला जातो, विष नाहीसे होत नाही. शिजवल्यानेही ते जाईल, असा भरवसा धरू नये.

येथे एक अडचण आहे. वयोमानाने आणि काही औषधांमुळे चव मंदावते. म्हणून ज्येष्ठांसाठी रस काढताना चव घरातील तरुण व्यक्तीने पाहावी आणि कडू लागताच तुकडा थुंकून टाकावा. रस घेतल्यावर मळमळ, उलटी, जुलाब वा पोटदुखी सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही. वेळीच मिळालेले उपचार हाच आधार.

कारले कडू असणारच. दुधी मात्र कडू असता कामा नये.