उंबरावरचा जक्कय

सांगोल्याचा मे महिना म्हणजे माण नदीचं कोरडं पात्र आणि सकाळी दहालाच चटके देणारी फरशी. ऊन चढण्याआधी, सातला, आमची सुट्टीतली बायबल शाळा भरायची. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयाची गोष्ट आली की बाई आम्हांला अंगणातल्या झाडाखाली न्यायच्या. मराठी बायबलात जक्कय उंबरावर चढतो, म्हणून त्याचं यरीहो आम्हांला पंढरपूरच्या वाटेवरचंच गाव वाटे. एरवी बुटका म्हणून चिडवला जाणारा मी त्या दिवशी जक्कय झालो. येशू झालेल्या मुलानं मला नावानं हाक मारली. ती हाक अजून कानात आहे.

१८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज यांनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी असेच वर्ग सुरू केले. आज मात्र पुष्कळ ठिकाणी वचनं किती पाठ झाली याचीच मोजदाद होते आणि त्यावर बक्षिसं मिळतात. बक्षीस न मिळालेलं मूल हिरमुसून घरी जातं, हे मला मुळीच पटत नाही.

मंडळीतल्या थोरांनो, यंदा बक्षिसांचा खर्च कमी करा, मुलांजवळ बसायला वेळ काढा. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाचं नाव आपण पाठ करा.