आकाशवाणीचे प्रयोजन

हवे ते गीत मोबाइलवर क्षणार्धात ऐकता येत असताना आकाशवाणी हवी कशाला, असा प्रश्न तुम्हांला पडत असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तिच्या इतिहासातच सापडते.

२३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीचे नभोवाणी केंद्र मुंबईत सुरू झाले. श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर त्याचा निर्वाह व्हावयाचा होता. परंतु यंत्र विकत घेण्याची ऐपत मोजक्यांचीच होती. उत्पन्न तोकडे पडले आणि १९३० साली कंपनी बुडाली. तेव्हा सरकारने हा कारभार हाती घेतला. ज्या कार्यात नफा नाही, ते निरुपयोगी ठरत नाही. मात्र त्याचा भार सर्व समाजाने उचलावा लागतो.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी रचलेले व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर याच केंद्राने घरोघरी पोहोचविले. १९५६ साली याच केंद्राच्या द्वारे पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत एक प्रयोग झाला. शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राला कळवाव्यात आणि केंद्राने पुढील कार्यक्रमांत त्यांचे निरसन करावे, अशी ती योजना होती. ज्याला अक्षरओळख नव्हती, तोही या चर्चेत मानाने बोलू शकला. माझ्या मते, आकाशवाणीचे खरे मोठेपण येथेच आहे. ती केवळ बोलत नाही. तिने ऐकावे, अशीही अपेक्षा आहे.

सरकारच्या हातची वाणी सरकारचीच स्तुती गाईल, अशी शंका कोणी घेतात. ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच १९९७ साली ‘प्रसार भारती’ हे स्वायत्त महामंडळ स्थापन झाले व आकाशवाणी त्याच्याकडे आली. तथापि, केवळ कायद्याने कोणतीही संस्था निःपक्षपाती राहत नाही. त्यासाठी जागरूक श्रोते लागतात.

मोबाइल आपल्याला आवडते तेच पुन्हा पुन्हा ऐकवितो. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराला वादळाचा इशारा आणि दृष्टिहीनाला दिवसाच्या बातम्या एकाच आवाजात देणारी आकाशवाणी सर्वांची आहे. म्हणून ती टिकली पाहिजे. तुम्ही ती ऐका, आणि जेथे ती उणी पडेल तेथे केंद्राला पत्र लिहून निर्भयपणे कळवा.